ह्यांची उन्हाळी

लघवी हा शब्द सासऱ्यांसमोर मी आयुष्यात एकदाच उच्चारला, आणि तोही ओरडून, शेजारच्या क्वार्टरपर्यंत जाईल असा. एरवी आमच्या घरात "जरा जाऊन येतो" एवढंच म्हणत. कुठं, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. मी सून, ते सासरे, उज्जैनचे रिटायर मास्तर, गळाबंद कोट घातल्याशिवाय फाटकापर्यंतही न जाणारे. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? बिअर. हसू नका. मला अजून धड हसू येत नाही.

तेव्हा आम्ही भोपाळला टाउनशिपमध्ये राहत होतो. हे तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनीअर. कारखान्यानं ह्यांना ट्रेनिंगसाठी काही महिने जर्मनीला पाठवलं होतं. तिकडे गेलेले बाकीचे लोक कॅमेरे आणत, घड्याळं आणत, बायकोला निदान एखादं सेंट आणत. ह्यांनी काय आणावं? एक लांब थर्मामीटर, यीस्टची पाकिटं, आणि एका डब्यात कसल्याशा कडू फुलांच्या हिरव्या गोळ्या. सूटकेस उघडली तेव्हा मी कपाळावर हात मारला.

तिथं म्हणे ह्यांचा घरमालक दर वर्षी घरच्या घरी बिअर करायचा. उन्हाळ्यात प्यायची, पातळ, फिकट सोनेरी, संत्र्याच्या सालीचा वास असलेली. पिताना जड वाटत नाही, डोकं दुखत नाही, नुसतं गार वाटतं. हे इतकं वर्णन करायचे की मला त्या घरमालकाचा राग यायला लागला. तिकडच्या भाषेत त्या बिअरचं जे नाव होतं त्याचा अर्थ उन्हाळ्याची असा काहीतरी होता. म्हणून आमच्या घरात तिचं नाव पडलं 'उन्हाळी'. "ह्या थंडीत उन्हाळी लावू या," हे म्हणायचे. "उन्हाळी जमली पाहिजे बुवा एकदा." दोघांतच बोलायचं, त्यामुळे सोयीचंही होतं. क्वार्टरमध्ये असलं काही करणं म्हणजे गुन्हाच. कुणाला कळलं तर क्वार्टर जाईल आणि नोकरीवर बालंट येईल, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळ्याची म्हणून ती उन्हाळ्यात करता येत नाही, ही तिची पहिली खोड. ह्या जातीच्या बिअरला आंबायलाही थंडी लागते आणि मुरायलाही थंडी लागते. भोपाळचा जानेवारी तेवढ्यापुरता बरा. हे करोंदच्या मंडीत जाऊन स्कूटरवरून जवाचं पोतं घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, "हवन के लिए?" ह्यांनी बिनदिक्कत "हाँ" म्हणून सांगितलं. तेव्हा पहिली थाप ह्यांची, हे मी आधीच सांगून ठेवते.

जवाला मोड आणायचे असतात. ह्यांनी ते बादलीत भिजवले आणि तसेच विसरले. घरभर असा काही आंबूस वास सुटला की मी पदर नाकाला लावून ते सगळं मागच्या पेरूच्या झाडाखाली पुरलं. मग मात्र माझा हट्ट पेटला. अहो, नाचणीचं सत्व करावं तर मी. इथल्या मराठी मंडळातल्या बाळंतिणी माझ्या हातचं सत्व मागून नेत. जव म्हणजे काय, नाचणीचा थोरला भाऊ! "व्हा बाजूला," मी म्हटलं, "तुमची टर्बाइनं तुम्ही बघा." मी ते खरंच गंमत म्हणून म्हटलं होतं. पण मला मीपणा फार, आणि एकदा पदर खोचला की मग माझं मलाही ऐकू येत नाही.

जव भिजवून, निथळून, ओल्या गोणपाटावर पसरून वर दुसरं गोणपाट घातलं होतं. कोंब छान दाण्याएवढे आले होते. मी मागच्या व्हरांड्यात बसून ते हलक्या हातानं वरखाली करत होते आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी, नेहमीप्रमाणे मागच्या दारानं, हाक न मारता आत आल्या. वहिनी मराठीच, मूळच्या ग्वाल्हेरच्या, आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. मनानं चांगल्या, पण पोटात काही राहायचं नाही.

"अगंबाई! एवढे जव? कशाला गं?"

आता बघा, माणसानं काहीही सांगावं. पूजा आहे म्हणावं, सातू करतेय म्हणावं. पण महिनाभर घरात एकच शब्द चाललेला. तोच माझ्या जिभेवर बसलेला.

"ह्यांची उन्हाळी," मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली. आपल्याकडे उन्हाळी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, ती उन्हाळी. आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या औषध काय? जवाचं पाणी! म्हणजे थाप अशी चपखल बसली की मला मागे घेताच येईना.

"भर थंडीत उन्हाळी?" वहिनींनी गालावर हात ठेवला.

"जुनी आहे," मी म्हटलं. आता कुठं थांबणार?

"पण मोड कशाला आणलेस?"

"मोडाचं पाणी जास्त गार पडतं म्हणे."

वहिनींनी चुकचुक केलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या गेल्या. संध्याकाळी हे कारखान्यातून घरी आले ते लालेलाल होऊन. कँटीनमध्ये ह्यांच्या सेक्शनच्या फोरमननं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "साहब, सुना है पेशाब की तकलीफ है? मेरे फूफाजी को भी थी." दुसऱ्या एकानं गोखरूचा काढा सुचवला. तिसऱ्यानं तर पुडीच आणून दिली होती, ती ह्यांनी टेबलावर आपटली. "लाज काढलीस माझी! दुसरा रोग नव्हता? गुडघे नव्हते मला?" मी पोट धरधरून हसले. देवाशपथ सांगते, त्या दिवशी हसले. तेव्हा तो सगळा खेळच होता.

जव वाळवले, चोळून त्यांची मुळं काढली, मिक्सरमधून जाडसर भरडले. गरम पाण्यात घालून ठेवले, गाळले. ते पाणी इतकं गोड लागलं की मी वाटीभर तसंच प्यायले. मग त्या कडू गोळ्या घालून उकळलं. शेवटी संत्र्याची आणि लिंबाची साल किसून घातली, पांढरं अजिबात येऊ न देता. ते मात्र माझ्याच हातचं काम, ह्यांना किसणी धरता येत नाही. गार झाल्यावर यीस्ट घातलं आणि सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या पिंपात भरलं. झाकणातून एक रबरी नळी काढून ती पाण्याच्या बाटलीत सोडली. आतली हवा त्या पाण्यातून बाहेर पडते. पिंप ठेवलं कोठीच्या खोलीत, कारण ती उत्तरेची आणि घरातली सगळ्यांत गार. तिच्या भिंतीला लागून संडास. दुसऱ्या दिवशी नळी बोलायला लागली. गुडूक. थोडं थांबून, गुडूक. हे ऑफिसातून आले की बूट न काढता आधी कोठीत जायचे.

अशात सासरे आले. त्यांना मी मामंजी म्हणत असे. सासूबाई गेल्यापासून संक्रांत झाली की ते उज्जैनहून आमच्याकडे यायचे, होळीपर्यंत राहायचे. कोठीचं दार आम्ही बंद ठेवलं. पण त्याच दिवशी कुंपणाच्या पलीकडून वहिनींनी त्यांना विचारलं, "मुलाच्या तब्येतीसाठी आलात का? फार त्रास होतोय हो बिचाऱ्यांना." आणि काय त्रास, तेही सांगितलं. मला वाटलं, आता मामंजी घरात येऊन चिडतील. ते पाय धुऊन पाटावर बसले. जेवताना मात्र ह्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. कोठीतलं गुडूक कसलं म्हणून विचारलं, तर मी ह्यांच्या औषधाचं पिंप म्हणून सांगून मोकळी झाले.

दोनेक दिवसांनी हे स्वयंपाकघरात आले. चेहरा विचित्र झालेला, हसतायत की काय कळेना.

"बाबांनी मला अंगणात बोलावलं," हे म्हणाले. "मला विचारलं, तुला रात्री किती वेळा उठावं लागतं?"

"मग?"

"मी म्हटलं, बरेचदा. काय सांगणार होतो? तर ते म्हणाले, मलापण. गेली दोन वर्षं. अगं, ते कुणाला म्हणजे कुणालाच बोलले नव्हते. डॉक्टरला नाही, काकाला नाही."

मी चिमटा हातात धरून तशीच उभी. पोळी जळली.

"आणि मला युक्त्या शिकवत होते," हे म्हणाले. "नळ थोडा सोडून ठेवावा, पाण्याचा आवाज ऐकला की होते. म्हणाले, तुझ्या त्या औषधाच्या पिंपाचं गुडगुड भिंतीतून ऐकू येतं, त्यानं मला फार बरं पडतं." आणि मग हे खाली बसले. "माझ्या मुंजीत, लग्नात, पहिली नोकरी लागली तेव्हा, बाबा माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते गं. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी."

त्यांना खरं सांगावं असं दोघांच्याही मनात आलं, आणि दोघांनीही ते तोंडातून काढलं नाही. ह्यांना परवाच साइटवर जायचं होतं, लांब, एका वीजघराच्या कामावर. ह्यांनी मामंजींना सांगितलं, "मी आलो की आपण दोघं मिळून डॉक्टरांना दाखवू." मामंजी लगेच तयार झाले. एकट्यानं जा म्हटलं असतं तर मेले असते तरी गेले नसते. आम्हाला वाटलं, चला, थापेचा काहीतरी उपयोग झाला. स्वतःवर खूशसुद्धा झालो आम्ही. ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

हे गेल्यावर एका दुपारी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत नाही आले, चौकटीशी उभे राहिले, तोंड अंगणाकडे.

"सूनबाई, त्याच्या औषधातलं थोडं उरलं असेल का?"

"देते की," मी म्हटलं. पिंपातलं कसं देणार? ज्यानं जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही त्या माणसाला? मी उरलेले जव उकळले, गाळले, लिंबू पिळलं, खडीसाखर घातली, आणि खरंखुरं जवाचं पाणी तांब्याभरून त्यांच्या खाटेशी ठेवलं. ते त्यांनी टॉवेलखाली झाकून घेतलं. दुसऱ्या दिवशी रिकामा तांब्या चौकटीशी होता. मी परत भरला. ना त्यांनी काही विचारलं ना मी. तांब्या जायचा, तांब्या यायचा. मला आपलं समाधान, की म्हाताऱ्या माणसाची सेवा होतेय. बरं पडतंय का, एवढं विचारायला माझी जीभ झडली असती का? पण सुनेनं सासऱ्याला असलं विचारायचं नसतं. इतकं पक्कं बसलं होतं ते डोक्यात, की मनातल्या मनातसुद्धा मी तो प्रश्न कधी पुरता केला नाही.

फेब्रुवारी लागता लागता पिंपातला आवाज कमी झाला आणि मग थांबला. ह्यांनी जाताना सांगून ठेवलं होतं, थांबलं की बाटल्यांत भर. टी. टी. नगरहून आणलेल्या जाड काचेच्या बाटल्या होत्या. मी एका सकाळी त्या भरल्या, बुचं तारेनं बांधली, थोड्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बाकीच्या कोठीत ओल्या पोत्यात. बोट बुडवून चाखली. अजून नवी होती, पण संत्र्याचा वास सुरेख उतरला होता. पिंप घासून पालथं घातलं. मनाशी गुणगुणत होते मी.

संध्याकाळी मामंजींनी विचारलं, "पिंप गप्प का झालं?"

"झालं ते तयार, मामंजी."

"असं होय," ते म्हणाले, आणि थोडा वेळ कोठीच्या दाराकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संडासात गेले ते येईचनात. नळाचा आवाज येत होता, भरलेली बादली वाहत होती. बाहेर आले तेव्हा भिंतीला धरून आले. खाटेच्या कडेवर बसले, टेकलेसुद्धा नाहीत. थंडीत कपाळावर घाम. शालीच्या आत एक हात पोटाशी दाबून धरलेला. आणि मला म्हणाले, "सूनबाई, ते पाणी दे अजून थोडं. जास्त दे."

मी तांब्या उचलला. उचलला आणि त्या हाताकडे माझं लक्ष गेलं, आणि एकदम सगळं कळलं. मीच तर भरत होते ना! तांब्यामागून तांब्या, रोज, आत जातंय आणि बाहेर येत नाहीये.

"मामंजी, लघवी होत नाहीये का?"

शब्द नीट बाहेरच आला नाही. "काय म्हणालीस?" ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले. ऐकलं होतं त्यांनी. मला माहीत आहे ऐकलं होतं. मला सुटायला वाट करून देत होते, "काही नाही" म्हणून मी आत जावं म्हणून.

"लघवी! लघवी होत नाहीये का तुम्हाला?" मी ओरडले.

त्यांनी डोळे मिटले. "काल संध्याकाळपासून," ते म्हणाले.

"चला, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जाऊ."

"तो येऊ दे. दोघांनी बरोबर दाखवायचं ठरलंय आमचं."

"ते यायला आठवडा आहे मामंजी!"

"मी एकटा जाऊन काय सांगू? लाज वाटते गं मला," मामंजी म्हणाले. आयुष्यभर वर्गात छडी घेऊन उभा राहिलेला माणूस, आणि आवाज असा लहान झालेला. "तो बरोबर असला की बरं. त्यालाही तेच आहे."

मग माझ्यापुढे दुसरा रस्ताच उरला नाही.

"त्यांना काही नाहीये, मामंजी."

"म्हणजे?"

"त्यांना उन्हाळी नाहीच. कधीच नव्हती. वहिनींना मी थाप मारली."

"आणि ते औषध? पिंपातलं?"

"ती बिअर आहे. ह्यांना आवडते. मीच केली."

मला वाटलं, आता ते संतापतील. संतापले असते तर किती बरं झालं असतं! मी तयारीत होते, पदराचं टोक मुठीत धरून. पण बिअर हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही जणू.

"तो मला म्हणाला होता, बरेचदा उठावं लागतं."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले."

ते माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं थेट कधी बघितलं नव्हतं.

"म्हणजे मला एकट्यालाच," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसानं आपल्या शरीराची लाज, जी त्यानं जगापासून लपवली होती, ती आमच्या ओटीत घातली होती. का, तर आपल्या मुलाचीही तीच गत आहे म्हणून. आणि आम्ही ती घेतली, आणि आमच्याकडे बदल्यात द्यायला काही नव्हतंच. मी रडायला लागले. ते म्हणाले, "कोट दे माझा."

माझं ओरडणं ऐकून वहिनी फाटकात उभ्याच होत्या. काय झालं ते त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. त्याच धावत जाऊन ऑटो घेऊन आल्या, आणि आमच्याबरोबर बसल्यासुद्धा. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मामंजी ओठ दाताखाली दाबत होते, पण कोटाची सगळी बटणं लावलेली होती.

टाउनशिपच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच नर्सला हाक मारली. मग विचारलं, "कब से बंद है? क्या पी रहे थे इतना?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते देव जाणे. एका बाजूला वहिनी कान टवकारून. मी बिअरचं नाव काढलं असतं तर संध्याकाळपर्यंत सबंध टाउनशिपमध्ये बोभाटा. मी 'थाप होती' म्हटलं असतं तरी तेच. तेवढ्यात मामंजी बोलले. त्यांच्या शुद्ध, मास्तरी हिंदीत, माझ्याकडे न बघता.

"जौ का पानी। बहू बनाती है। मेरे बेटे को भी यही शिकायत है, उसी के लिए बनता है।"

"बेटे को भी? इस उम्र में?"

"जी," मामंजी म्हणाले. "खानदानी है।"

"हाँ हाँ," वहिनींनी भर घातली, "पूरी कॉलनी को मालूम है।"

डॉक्टर मला म्हणाले, पाणी पाजून पाजून तुम्ही उलट त्रास वाढवलात, आणखी थोडा वेळ गेला असता तर मूत्रपिंडांवर आलं असतं. रागावून नाही म्हणाले, पण म्हणाले. मी मान डोलावली. मामंजींना आत नेलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस, असल्या वेदनेत, चार लोकांत माझी अब्रू झाकायला खोटं बोलला होता. वहिनी माझा हात धरून बसल्या होत्या. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता.

नळी लावून, पिशवी बरोबर देऊन त्यांना घरी पाठवलं. ऑपरेशन करावं लागेल, मुलगा आला की बोलू, असं ठरलं. घरी आल्यावर त्यांना खाटेवर निजवलं आणि मी सरळ कोठीत गेले. एकेक बाटली मोरीवर आणली. नको ती बिअर, नको ते घरात. पहिलीची तार सोडली तर बूच फटकन उडालं आणि सगळ्या स्वयंपाकघरात संत्र्याचा वास पसरला. मी ओतायला वाकले.

"काय ओततेयस?" बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"तेच. ते, मामंजी."

"ओतू नकोस. लागेल त्याला."

"अहो पण मामंजी, त्यांना काही..."

"लागेल म्हटलं ना," ते म्हणाले. वर्गात आवाज करणाऱ्या पोराला म्हणावं तसं. "उन्हाळी आहे त्याला."

मी बाटली सरळ केली. थोड्या वेळानं तिला परत बूच लावलं.

हे आले. मी सगळं सांगितलं, ते ह्यांनी उभ्याउभ्याच ऐकलं. मग बाहेर जाऊन बापाच्या खाटेशी बसले. काय बोलले मला माहीत नाही, मी मुद्दाम आत भांडी घासत राहिले. ऑपरेशन झालं, सुखरूप झालं. उन्हाळा लागला तेव्हा मामंजी उज्जैनला गेले, आणि आम्ही बाटली उघडली. आणि मेली इतकी छान झाली होती! हलकी, फिकट, घशाखाली उतरताना आधी लिंबू आणि मागून संत्रं. जर्मनीतही अशी नव्हती, हे म्हणाले. मी अर्धा पेला घेतला, तो संपेपर्यंत वर बघितलं नाही. त्यानंतर आम्ही परत कधी केली नाही.

फोन तेव्हा आमच्याकडे नव्हता, वहिनींकडे होता. मामंजी सणावाराला उज्जैनच्या बूथवरून तिथं फोन करायचे आणि वहिनी कुंपणावरून हाक मारायच्या. पाऊसपाण्याच्या गोष्टी व्हायच्या, सगळ्यांची चौकशी व्हायची. त्यांची स्वतःची तब्येत ठणठणीत होती. पण फोन ठेवण्याआधी, आवाज थोडा खाली आणून, ते दर वेळी विचारायचे, "आणि त्याची उन्हाळी कशी आहे?"

पहिल्यांदा मला वाटलं, टोमणा आहे. म्हणून मी म्हटलं, "बरी आहे आता, मामंजी. गेलीच म्हणा ना." तिकडून "असं का," एवढंच. तो आवाज मी आधी ऐकला होता, खाटेच्या कडेवर बसून 'मला एकट्यालाच' म्हणाले होते तेव्हाचा.

पुढच्या फोनपासून मी शहाणी झाले. वहिनी समोर शेंगा सोलत बसलेल्या असायच्या, त्यांचे मिस्टर पेपर वाचत असायचे, आणि मी त्या सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून, मोठ्यानं सांगायचे, "अजून आहे, मामंजी. जात नाही म्हणतेय."

"जायची नाही ती," पलीकडून मामंजी म्हणायचे. "सांग त्याला, घाबरू नकोस म्हणावं. मी आहे."